दोन खते, दोन अज्ञाते : भाताच्या खाचरातील एक हिशेब

मंडणगड तालुक्यातील भाताची खाचरे गुंठ्यांनी मोजावी लागतात. खताची शिफारस मात्र हेक्टरी केलेली असते. सुधारित भातास हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश लागते. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ ९९ गुंठे. तेव्हा गुंठ्यास १ किलो नत्र आणि स्फुरद व पालाश प्रत्येकी अर्धा किलो धरल्यास फारशी चूक होत नाही.

अडचण पुढेच येते. गोणीत नत्र व स्फुरद बहुधा एकत्रच असतात. समजा, खाचर १० गुंठ्यांचे असून लावणीच्या वेळी त्यास ४ किलो नत्र व ५ किलो स्फुरद द्यावयाचे आहे. घरात डीएपी (१८:४६) व २०:२०:०:१३ अशी दोन खते आहेत. (१३ हा आकडा गंधकाचा, तो येथे सोडून देऊ.) स्फुरद पुरे पडावे म्हणून डीएपी वाढविले की नत्रही वाढते. नत्र अधिक झाल्यास पीक लोळते व करप्यास बळी पडते. म्हणून दोन्ही गरजा एकाच वेळी मांडाव्या लागतात.

डीएपी क्ष किलो व दुसरे खत य किलो मानावे. टक्केवारीचा छेद जावा म्हणून दोन्ही बाजूंस १०० ने गुणले असता :

नत्र : १८ क्ष + २० य = ४००
स्फुरद : ४६ क्ष + २० य = ५००

दोहोंत २० य सारखेच आहे. खालच्या समीकरणातून वरचे वजा केल्यास य निघून जातो व २८ क्ष = १०० एवढेच उरते; म्हणजे क्ष = ३.५७. ही किंमत पहिल्या समीकरणात घातली की य = १६.७९ येते. व्यवहारात डीएपी ३.६ किलो व दुसरे खत १६.८ किलो तोलावे. य चे गुणक सारखे नसते, तर समीकरणांस योग्य संख्यांनी गुणून ते आधी सारखे करून घ्यावे लागले असते. अक्षरे कोणतीही चालतात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अज्ञातांस यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे दिली होती.

ताळा अवश्य पाहावा. ३.६ किलो डीएपीतून ०.६५ व १६.८ किलो दुसऱ्या खतातून ३.३६, मिळून नत्र ४.०१ किलो होते. स्फुरद १.६६ व ३.३६ मिळून ५.०२ किलो भरते.

आता सर्वच्या सर्व १० किलो नत्र याच दोन खतांतून देऊ म्हटल्यास वरच्या समीकरणात ४०० च्या जागी १००० येतात. वजाबाकीनंतर २८ क्ष = −५०० उरते व क्ष ऋण १७.८६ येतो. ऋण डीएपी कोणी टाकू शकत नाही. येथे गणित चुकलेले नाही. एका खतात नत्र स्फुरदाइतकेच आहे, दुसऱ्यात त्याहून कमी. मग त्यांच्या कोणत्याही मिश्रणात नत्र स्फुरदाच्या दुप्पट कोठून येणार?

म्हणून उरलेले ६ किलो नत्र युरियातून द्यावे. त्यात ४६ टक्के नत्र असल्याने १३ किलो युरिया पुरतो. पालाशाचा हिशेब साध्या भागाकाराचा आहे : ६० टक्क्यांचे म्युरेट ऑफ पोटॅश ८.३ किलो, तेही लावणीच्याच वेळी. युरिया मात्र एकदम टाकू नये. येथील पावसात तो वहाळास जातो. फुटवे येताना मोठा हप्ता व फुलोऱ्यापूर्वी लहान हप्ता द्यावा आणि प्रत्येक वेळी खाचरातील पाणी आधी काढून टाकावे.