कर्करोगानंतरची झोप आणि मेलाटोनिन

स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपले तरी गेलेली झोप लगेच परततेच असे नाही. टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पुढे अनेक वर्षे घ्याव्या लागतात आणि त्यामुळे अंगाची लाही होऊन, घामाने भिजून मध्यरात्री जाग येते. अशा वेळी अनेकजणी मेलाटोनिनकडे वळतात. अंधार पडला की मेंदूतील पिनियल ग्रंथी हे संप्रेरक स्रवते व शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. ते गुंगी आणणारे औषध नव्हे.

अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कर्करोगातून बाहेर पडलेल्या, रजोनिवृत्त ९५ स्त्रियांचा समावेश होता. काहींना चार महिने रोज ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन, तर इतरांना औषधविरहित गोळी देण्यात आली. मेलाटोनिन घेणाऱ्यांनी झोप सुधारल्याचे सांगितले. अंगाची लाही मात्र कमी झाली नाही. जाग आणणारे कारण तसेच राहिले!

बाटलीवरील आकड्यावरही विसंबता येत नाही. कॅनडातील ३१ उत्पादनांच्या २०१७ च्या तपासणीत मेलाटोनिनचे प्रमाण लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के अधिक आढळले. परदेशातून नातलगांनी पाठवलेली बाटली म्हणूनच आधी कर्करोगतज्ज्ञांना दाखवावी; रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तेही आवर्जून सांगावे.