कार्ड, एक मिनिट आणि हुंकाराशिवायची दोन मिनिटं

मागच्या वेळी आपण आयईएल्टीएसच्या स्पीकिंग परीक्षेतला पहिला भाग पाहिला. घर, शिक्षण, आवडीनिवडी वगैरे. तो बहुतेकांना जमतो. आज जो भाग घेतोय, त्याचं नाव काढलं की मुलांचा घसा कोरडा पडतो. त्याला 'लाँग टर्न' म्हणतात. आपण सरळ 'कार्डाचा भाग' म्हणू.

आधी तिथे होतं काय ते बघू. सगळी स्पीकिंग परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. मधल्या भागात परीक्षक तुम्हाला एक कार्ड देतात, सोबत कागद आणि पेन्सिल. कार्डावर एक विषय असतो आणि त्याखाली काय काय सांगायचं त्याचे मुद्दे. तयारीला १ मिनिट. मग १ ते २ मिनिटं तुम्ही एकट्यानं बोलायचं. कार्ड बदलून मिळत नाही.

आता अडतं कुठे? इंग्रजीत अडतं असं सगळे म्हणतात. आम्हाला तसं वाटत नाही. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यायला लावायची, आठवतंय? 'हं' म्हटलं नाही तर गोष्ट थांबायची. आपलं रोजचं बोलणं असंच चालतं. समोरचा 'मग?', 'अरे वा', 'खरंच?' म्हणत राहतो आणि त्यावर आपण पुढे सरकतो. परीक्षेत हा हुंकार बंद. परीक्षक फार तर मान हलवतील. म्हणून जो माणूस मराठीतसुद्धा सलग दोन मिनिटं एकटा बोललेला नाही, तो इंग्रजीत अचानक कसा बोलेल? तेव्हा पहिला सराव मराठीत करा. हसू नका, खरंच करा. समोर भिंत ठेवा आणि दोन मिनिटं बोलून बघा.

आमच्याकडे एक नर्स यायच्या. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी आयईएल्टीएस दिली तर स्पीकिंगमध्ये ७ लागतात. त्यांना दोनदा साडेसहा पडले होते. परीक्षेची फी हजारोंत, वर नाईट ड्यूटी सांभाळून अभ्यास. आम्ही त्यांना नेहमीच्या नमुन्यातलं एक कार्ड दिलं : तुमच्याजवळची एक महत्त्वाची वस्तू. कुठून आली, किती दिवस आहे, कशासाठी वापरता, आणि ती महत्त्वाची का. बाईंनी मोबाईल निवडला. फोन करता येतो, फोटो काढता येतात, बँकेचं काम होतं... चाळीस सेकंदांत विषय संपला. मग शांतता. मग 'इट इज व्हेरी यूजफुल' तीन वेळा.

आम्ही विचारलं, घरात अशी कुठली वस्तू आहे जी कुणी विकायला काढली तर तुम्ही भांडाल? त्या लगेच म्हणाल्या, आईचं शिलाई मशीन.

मग आम्ही एक मिनिट लावलं. कागदावर त्यांनी एवढंच लिहिलं : सेकंड हँड, रात्रीचा आवाज, शाळेचे युनिफॉर्म, फी, आता कोपऱ्यात. पूर्ण वाक्य एकही नाही. हे महत्त्वाचं आहे बरं का. एका मिनिटात वाक्यं लिहायला गेलात तर दोनच होतील, आणि पुढे तुम्ही ती वाचाल. शब्द लिहा. बोलताना कागदाकडे बघायला बंदी नाही.

आता त्या काय बोलल्या ते बघा. आईनं मशीन विकत घेतलं, हा साधा भूतकाळ. ती रात्री शिवायची, इथे इंग्रजीत आपोआप 'यूज्ड टू' आलं, कारण मराठीत आपण जिथे 'शिवायची', 'जायचो' म्हणतो तिथे बहुधा तेच बसतं. मशीन आता कोपऱ्यात आहे, हा वर्तमानकाळ. आणि शेवटी त्या म्हणाल्या, ते मशीन नसतं तर मी नर्स झाले नसते : 'इफ वी हॅडन्ट हॅड दॅट मशीन, आय वुडन्ट हॅव बिकम अ नर्स.' हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात त्यांना कधी जमलं नव्हतं. मोबाईलवर बोलताना त्याची गरजच पडली नव्हती.

मध्ये एका ठिकाणी अडल्या. पायानं हलवायच्या त्या फळीला इंग्रजीत काय म्हणतात? माहीत नव्हतं. 'द पार्ट यू पुश विथ युअर फीट' म्हणाल्या आणि पुढे गेल्या. उत्तम! शब्द आठवला नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगणं, हे शब्दसंपत्तीच्या गुणांत धरलं जातं. आठवत बसण्यात मात्र ओघ जातो. गुण चार गोष्टींना सारखे आहेत : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. विषय किती भारदस्त आहे याला एकही गुण नाही.

मराठी माणसाच्या दोन सवयी सांगून ठेवतो. आपलं 'जरी-तरी' आणि 'जेव्हा-तेव्हा' जोडीनं चालतं. म्हणून आपण 'ऑलदो' म्हटलं की पुढे 'बट' घालतो, आणि 'व्हेन आय वॉज इन स्कूल, दॅट टाइम' म्हणतो. इंग्रजीत जोडीतला एकच शब्द पुरतो. आणि 'व'चं बघा. 'व्हिलेज'चा आणि 'वॉटर'चा आपल्या तोंडून एकच निघतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला लावा, दुसऱ्याला ओठ गोल करा. आठवडाभरात फरक पडतो.

पाठांतराचं काय? क्लासमध्ये वह्या मिळतात, पन्नास उत्तरं तयार. आमचं मत स्पष्ट आहे, पैसे वाया. पाठ केलेलं बोलताना आवाज एका सुरात जातो, आणि परीक्षक दिवसभर हेच ऐकत असतात. शिवाय तिसऱ्या भागातले प्रश्न तुमच्या कार्डाच्याच विषयावरून निघतात. तिथे वही नसते, आणि दोन भागांतलं इंग्रजी एकदम वेगळं वाटलं की सगळं उघडं पडतं.

त्यापेक्षा असं करा. फोनवर रेकॉर्डर लावा, दोन मिनिटं बोला, ऐका. त्याच विषयावर पुन्हा बोला, आणि तिसऱ्यांदा तेच दीड मिनिटात. विषय तोच असल्यामुळे डोकं भाषेकडे लक्ष देऊ शकतं. रोज नवं कार्ड घेऊन हे होत नाही.

शेवटची शंका नेहमी येते. दोन मिनिटं झाली की परीक्षक मध्येच थांबवतात, अगदी वाक्य अर्धं असलं तरी. मुलं घाबरतात, काहीतरी चुकलं म्हणून. काही चुकलेलं नसतं, वेळ संपलेली असते. त्यानंतर एक-दोन छोटे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं छोटीच द्या. आणि कार्ड खरंच बिघडलं, तरी गुण तिन्ही भाग मिळून दिले जातात, तेव्हा कागद-पेन्सिल परत करा आणि तिसऱ्या भागाला ताठ बसा. तो आपण पुढच्या वेळी घेऊ.