घरातलं लहान कुत्रं आणि आपली लेकरं

"सिस्टर, आमचा शेरू कधी घराबाहेर जात नाही. त्याला कशाचा रेबीज होतोय?"

शेजारच्या गल्लीतल्या मावशी मला असं म्हणाल्या तेव्हा त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाच्या बोटाला चुना फासलेला होता. शेरूच्या तोंडातलं बिस्किट ओढताना दात लागला होता. रक्त आलं होतं. शेरूला दोन वर्षांत एकही लस दिलेली नव्हती.

मी पोराला नळाखाली नेलं, साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली आणि तसंच सरकारी दवाखान्यात पाठवलं. पोरगं बरं आहे, शेरूही ठणठणीत आहे. पण हे नशिबावर सोडायचं काम नाही, म्हणून हा लेख.

पॉम म्हणजे नेमकं काय?

आपल्या वस्तीत केसाळ, लहान कुत्र्याला सरसकट 'पॉम' म्हणतात. त्यातली बरीचशी असतात इंडियन स्पिट्झ, नाहीतर स्पिट्झ आणि गल्लीतल्या कुत्र्याची मिश्र पिल्लं. शेरू असाच. आई पॉम, बाप गल्लीतला. अशा पिल्लाचा स्वभाव आधीच सांगता येत नाही. एकाच वेतातलं एक शांत निघतं, दुसरं दिवसभर भुंकतं. तरी साधारणपणे ही कुत्री चलाख, माणसाला चिकटून राहणारी आणि दारात पाऊल वाजलं की ओरडणारी असतात. नीट सांभाळलं तर बारा-चौदा वर्षं जगतात. म्हणजे आज पहिलीत असलेलं पोरगं कॉलेजात जाईपर्यंतची जबाबदारी. हौस म्हणून आणायचं आणि मग नाल्याकाठी सोडून द्यायचं, असं करू नका.

लस चुकवू नका

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की पार्वो, डिस्टेंपरची लस सुरू करायची. पार्वोमध्ये रक्ताचे जुलाब होतात आणि पिल्लू दोन-तीन दिवसांतही जाऊ शकतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी एक. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून, उंदराच्या मुतातून लेप्टो माणसाला होतो तसा कुत्र्यालाही होतो. त्याचीही लस आहे, विचारून घ्या. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी द्यायचं, पिल्लाला त्याहून लवकर लवकर. कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी लेकरांच्या हातावर येतात, म्हणून खेळून झालं की हात साबणाने धुवायची सवय लावा.

खासगी डॉक्टरची फी परवडत नसेल तर शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असेलच. लसीचं कार्ड रेशन कार्डासारखं जपून ठेवा.

खाणं आणि ऊन

चहा-बिस्किट हे कुत्र्याचं खाणं नव्हे. भात किंवा भाकरी, त्यात उकडलेलं अंडं किंवा चिकन, मीठ-मसाला न घालता. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट विषारी आहेत. शिजलेली कोंबडीची हाडं फुटून आतड्यात रुततात. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नका.

पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यात या केसाळ जिवाचे हाल होतात. केस मात्र मुळापासून भादरू नका, ते अंगाला उन्हापासूनही वाचवतात. रोज विंचरा, गोचीड शोधा, पाण्याचं भांडं भरलेलं ठेवा. जोरात धापा टाकत लाळ गाळून लोळण घेतली तर पोट आणि पाय साध्या पाण्याने भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या. लहान कुत्र्याची श्वासनळी नाजूक असते. गळ्यातला पट्टा ओढण्यापेक्षा छातीभोवतीचा पट्टा बरा.

दात लागला तर

लेकरांना सांगून ठेवा: कुत्रं खाताना, झोपलेलं असताना किंवा पिल्लांजवळ असताना हात लावायचा नाही. अंग ताठ केलं, गुरगुरलं की मागे सरायचं.

तरी चावलंच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही लावू नका. जखम बांधू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हातावर टोचायच्या लसीचे डोस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी असतात. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, ते मागून घ्या. गरोदर बाईलाही ही लस चालते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण लस सुरू करायला ते दहा दिवस थांबू नका. पुढचे डोस घ्यायचे की नाहीत ते डॉक्टर ठरवतील.

पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही भीती आता जुनी झाली. खरी भीती रेबीजची. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. नर्सिंगच्या नोकरीत मी असा एक रुग्ण पाहिला आहे. पाण्याचा पेला समोर धरला की त्याचा घसा आवळायचा. ते पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

मावशींनी परवा शेरूचं कार्ड आणून दाखवलं. पहिली लस झाली आहे. आता तुमच्या गल्लीतल्या 'शेरू'चं कार्ड बघा.