बालकांच्या सामाजिक विकासात सामूहिक गीत-नृत्याचे स्थान : नाशिक परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

तीन ते सहा वर्षे वयाचे बालक बालवाडीत येते, तेव्हा अक्षर-अंकांपूर्वी त्याच्यापुढे एक निराळाच प्रश्न उभा असतो. घरच्या माणसांपासून दूर, अनोळखी मुलांमध्ये वागावे कसे? आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याकडे लक्ष देणे, सोबत्याचा हात धरणे या गोष्टी उपदेशाने येत नाहीत. गीत व नृत्य यांतून हे शिक्षण कसे घडते आणि कोणत्या परिस्थितीत ते घडत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बालशिक्षणातील पूर्वपरंपरा

गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या पुढाकाराने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य हाती घेतले. त्यात अनुताई वाघ सहभागी झाल्या आणि १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून ‘अंगणवाडी’ साकारली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाल्या. माँटेसोरी पद्धतीला स्थानिक साधनांची जोड देताना गाणी, गोष्टी व तालबद्ध हालचाली यांना या शिक्षणात महत्त्वाचे स्थान मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले.

तालातून घडणारे समाजशिक्षण

गोल करून गाणे म्हणताना शिस्त बाहेरून लादावी लागत नाही. ती तालातच असते. एक मूल घाईने पुढे गेले तर हातांची साखळी ताणली जाते आणि चूक त्याला स्वतःलाच उमगते. गोलात पहिला-शेवटचा असा क्रम नसतो, प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. ज्याला शब्द येत नाहीत तेही टाळी देऊ शकते. ही शेवटची बाब नाशिक जिल्ह्यात विशेष महत्त्वाची आहे. सुरगाणा, पेठ या तालुक्यांतील अनेक बालकांची घरची बोली कोकणा असते आणि बालवाडीची भाषा प्रमाण मराठी. अशा बालकाला बोलण्याआधी गटात प्रवेश मिळतो, तो तालाच्या वाटेने.

या अनुभवाला अलीकडील संशोधनानेही दुजोरा दिला आहे. सेबास्टियन किर्शनर व मायकेल टोमासेलो यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार वर्षांच्या मुलांच्या काही जोड्या गात-वाजवीत खेळल्या, तर काही जोड्या तोच खेळ संगीताविना खेळल्या. त्यानंतर संगीतासह खेळलेली मुले सोबत्याच्या मदतीला अधिक वेळा धावली. याच संशोधकांच्या २००९ सालच्या अभ्यासात, यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोरच्या माणसाबरोबर ढोलके वाजविताना लहान मुलांचा ताल अधिक अचूक जुळल्याचे दिसले. हे प्रयोग अल्पकालीन परिणामांचे आहेत; त्यांवरून कायमच्या स्वभावबदलाचा दावा करणे योग्य ठरणार नाही. तथापि, मुलाचा ताल माणसाशी जुळतो, केवळ आवाजाशी नव्हे, हा त्यांतील बोध मोलाचा आहे.

परिसरातील परंपरा

हाच बोध लोकपरंपरेत पूर्वापार आढळतो. वारली समाजाच्या तारपा नृत्यात वादक मध्यभागी असतो. तो सूर बदलतो तसा नर्तकांचा पदन्यास बदलतो. आश्विन महिन्यातील भोंडल्यात मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरतात, गाणी संपली की खिरापत ओळखतात आणि मग ती वाटून खातात. एकत्र गाणे, वाट पाहणे, अंदाज करणे, वाटून घेणे हा सारा क्रम सामाजिक शिक्षणाचाच आहे. भोंडला परंपरेने मुलींचा. बालवाडीत मात्र त्याचा फेर मुलांनाही खुला करता येतो.

उपयोजन

आज अनेक बालवाड्यांत ध्वनिक्षेपकावर किंवा मोबाइलवर गाणे लावले जाते आणि मुले पडद्याकडे पाहून हातवारे करतात. स्नेहसंमेलन जवळ आले की रांगा लागतात, चांगले नाचणारी मुले पुढे येतात आणि बुजरी मुले मागे राहतात वा गळतात. ज्या मुलाला गटाची सर्वाधिक गरज, तेच गटाबाहेर पडते. येथे नृत्य होते, परंतु सामाजिक विकास साधत नाही.

म्हणून पुढील गोष्टी उपयुक्त ठरतील : शिक्षिकेने स्वतः गावे, आवाज गोड नसला तरी चालेल, गोलात प्रत्येकाला पाळीने मध्यभागी येण्याची संधी द्यावी, बोलू न इच्छिणाऱ्या मुलाकडे टाळी वा खुळखुळ्याचे काम सोपवावे, घरच्या बोलीतील एखादे गाणे पालकांकडून शिकून घ्यावे. यासाठी खर्च जवळजवळ नाही.

समारोप

२०२२ च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात खेळ, गाणी व हालचाल यांना महत्त्व दिले आहे. तथापि, आराखडा वर्गात उतरतो तो शिक्षिकेच्या तयारीतून. अध्यापक-शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयांनी बालगीताकडे करमणुकीचा तास म्हणून न पाहता त्याचा सराव अध्यापन-पद्धती म्हणून करून घ्यावा. बालवाडीतील गाण्याचे मूल्यमापन ते किती सुरेल झाले यावर न करता, त्या गोलात किती मुले सामावली यावर करणे अधिक उचित होय.