‘लाकडापासून’ हा शब्द मनात कुठे असतो?

नागपूरच्या लकडगंजात राहणाऱ्या एखाद्या मुलाला आपल्या वस्तीच्या नावाची फोड करायला सांगा. ‘लकड’ म्हणजे लाकूड, हे ते चटकन सांगते. ‘गंज’पाशी मात्र अडते. विदर्भात गंज म्हणजे स्वयंपाकाचे भांडे, आणि लोखंडावर चढतो तोही गंज! येथला गंज बाजारपेठेचा आहे, हे सांगावे लागते. तोवर त्याचे काही अडलेले नसते, कारण ‘लकडगंज’ हे त्याच्या मनात एकसंध नाव असते.

आता ‘लाकडापासून’ हा शब्द घेऊ. शब्दकोशात तो मिळणार नाही, तेथे ‘लाकूड’ मिळेल. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते : एकवचनात ‘लाकडा-’, अनेकवचनात ‘लाकडां-’. नेहमीचे १५ प्रत्यय व शब्दयोगी अव्यये धरली तरी ३० रूपे झाली. प्रत्येकाला पुन्हा ‘च’ किंवा ‘ही’ जोडता येतो, म्हणजे एकूण ९०. ही सगळी रूपे मन साठवून ठेवते, की मूळ शब्द ठेवून बाकीचे ऐनवेळी जुळवते?

मार्कस टॅफ्ट आणि केनेथ फॉर्स्टर यांनी १९७५ मध्ये या प्रश्नाला हात घातला. पडद्यावर अक्षरे दाखवायची, तो इंग्रजी शब्द आहे की नाही हे वाचकाने सांगायचे, आणि लागलेला वेळ मोजायचा. ‘रिज्युव्हेनेट’मधला ‘रि’ काढून उरलेला ‘ज्युव्हेनेट’ हा शब्द नव्हे, हे सांगायला वाचकांना जास्त वेळ लागला. ज्या शब्दात ‘रि’ हा उपसर्गच नाही, त्याचा उरलेला तुकडा मात्र त्यांनी लवकर नाकारला. म्हणजे खरा तुकडा मनात कोठेतरी नोंदलेला असावा.

पुढे २००४ मध्ये कॅथलीन रॅसल आणि सहकाऱ्यांनी आणखी गमतीची गोष्ट दाखवली. ‘कॉर्नर’ हा शब्द सुमारे ४० मिलिसेकंद, म्हणजे जाणवणारही नाही इतका वेळ दाखवला, तरी त्यानंतरचा ‘कॉर्न’ लवकर ओळखला जातो. या दोहोंचा अर्थाने काहीही संबंध नाही! शेवटचे ‘अर’ प्रत्ययासारखे दिसते, एवढेच. मराठीत याच्या जवळचे उदाहरण शोधायचे तर ‘परात’ घ्या. तिचा शेवट ‘घरात’सारखा आहे, पण ‘पर’च्या आत काही नाही. वाचताना मन आधी करवत चालवते आणि अर्थ मागाहून तपासते, असे दिसते.

पण प्रत्येक वेळी फोड करणेही परवडणारे नाही. हेराल्ड बायेन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये डच भाषेत दाखवले की, जी अनेकवचने वारंवार वापरात असतात ती तयार रूपातही साठवलेली असावीत. आपल्याकडचे ‘डोळे’ बहुधा असेच असतील. एकटा ‘डोळा’ बोलण्यात कमीच येतो. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात, हे मत आम्हांला अधिक पटते.

वर्गात याचा संबंध लाल शाईशी येतो. घरी हिंदी बोलणारे मूल ‘लाकूडपासून’ लिहिते. हिंदीत ‘लकड़ी से’ असे दोन शब्द सुटे लिहितात आणि ‘लकड़ी’ बदलत नाही. मुलाने सांधा अचूक ओळखलेला आहे. फक्त त्या सांध्यापाशी मराठीत लाकूड तासावे लागते, हे त्याला ठाऊक नाही. ‘शब्द चुकला’ असा शेरा देऊन हा फरक त्याला कसा कळणार?

जीन बर्को यांनी १९५८ मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून ‘वग’ या बनावट नावाचे अनेकवचन विचारले होते. तसा प्रयोग आपल्यालाही करता येईल. फळ्यावर एक प्राणी काढा आणि त्याचे नाव ‘ढापूस’ ठेवा. मग विचारा : ‘आपण कोणाला खाऊ दिला?’ पुष्कळ मुले ‘ढापसाला’ म्हणतील. हा शब्द त्यांनी कधीच ऐकलेला नाही. ‘कापूस–कापसाला’, ‘माणूस–माणसाला’ यांवरून त्यांनी तो तिथल्या तिथे घडवलेला असतो. जी ‘ढापूसला’ म्हणतील, त्यांना ‘कापूस’ आणि ‘माणूस’ हेच शब्द पुढे विचारून पाहा.