पूर्वरंग किती लांबवायचा?

सुपरमॅनच्या बापाचं काम करायला मार्लन ब्रँडो तयार झाला, तेव्हा त्याच्या डोक्यात भलतंच काही होतं. क्रिप्टॉन ग्रहावरची माणसं पाहिलीत कुणी? मग जोर-एल हिरव्या सुटकेससारखा दाखवू, नाहीतर बेगल पावासारखा, आणि आपण नुसता आवाज देऊ! दिग्दर्शक रिचर्ड डॉनर हा किस्सा पुढे रंगवून सांगायचे. जोर-एल कसा दिसतो हे प्रत्येक पोराला ठाऊक आहे, एवढंच त्यांनी ब्रँडोला ऐकवलं आणि विषय मिटला. ब्रँडो कॅमेऱ्यासमोर आला, पण संवाद पाठ न करता. बाळाला निरोप देतानाच्या त्याच्या ओळी म्हणे बाळाच्या लंगोटावर लिहिलेल्या होत्या. मानधन सदतीस लाख डॉलर, शिवाय गल्ल्यात वाटा.

एवढा महागडा पाहुणा वीसेक मिनिटांत निरोप घेतो, आणि सुपरमॅनचा अजून पत्ता नसतो. १९७८ च्या त्या चित्रपटात ख्रिस्तोफर रीव्ह लाल केप घालून यायला पाऊण तास जातो. आजच्या एखाद्या निर्मात्याला हे सांगून बघा!

आपल्या कीर्तनात आधी पूर्वरंग, मग मध्यंतरात बुवांना हार-बुक्का आणि मग आख्यान. सुपरहिरोच्या ओरिजिन चित्रपटाचं गणितही तेच. पोशाख अंगावर चढला की बुक्का लागला. त्याआधी श्रोते चुळबुळू लागले तर दोष घड्याळाचा नसतो, बुवांचा असतो.

डॉनर-बुवांनी युक्ती केली ती अशी. पूर्वरंगाचे त्यांनी दोन तुकडे केले आणि दोन्हींचा बाज वेगळा ठेवला. क्रिप्टॉन शेक्सपिअरच्या नाटकासारखा भारदस्त, पोरगा वाढतो ते स्मॉलव्हिल गाव जुन्या अमेरिकी चित्रांसारखं उबदार. मेट्रोपोलिस शहर आलं की थेट कॉमिकची लगबग. क्रिप्टॉन लंडनजवळच्या स्टुडिओत उभा केला, स्मॉलव्हिलची गव्हाची शेतं मात्र कॅनडातल्या अल्बर्टातली. दर वीसेक मिनिटांनी हवाच बदलते, त्यामुळे वाट पाहणं अंगावर येत नाही. क्रिप्टॉन मला आजही थोडा जड वाटतो. पण पृथ्वीवरचा बाप हृदयविकाराने अंगणात कोसळतो आणि एवढी ताकद असूनही पोरगा काही करू शकत नाही, तो प्रसंग अर्ध्या मिनिटानेही कापू नये.

त्या कोवळ्या सुपरमॅनचं, म्हणजे क्लार्कचं, काम केलं जेफ ईस्टने, पण आवाज ऐकू येतो तो रीव्हचा. ईस्टचे संवाद नंतर रीव्हकडून डब करून घेतले. बिचाऱ्या ईस्टवर अन्याय झाला खरा, पण पोरगा आणि पुरुष यांच्यातला सांधा त्या आवाजाने बेमालूम बुजवला.

चित्रपटाचा वेग बिघडला तो शेवटी, आणि त्याचं कारण पटकथेत नाही, हिशेबाच्या वहीत आहे. निर्माते साल्काइंड पितापुत्र. त्यांनी ‘द थ्री मस्केटियर्स’चं चित्रीकरण एकाच्या पैशांत उरकून दोन चित्रपट काढले होते. नट कोर्टात गेले आणि तेव्हापासून कलाकारांच्या करारात किती चित्रपट ते स्पष्ट लिहिणारं कलम आलं. त्याला हॉलिवूडमध्ये आजही साल्काइंड कलम म्हणतात. सुपरमॅनचे दोन भाग त्यांनी उघडपणे एकत्र चित्रित करायला घेतले. पैसे आणि वेळ हाताबाहेर गेल्यावर दुसऱ्या भागाचं काम थांबवलं आणि त्याच्यासाठी राखलेला शेवट पहिल्याला जोडला. पृथ्वीभोवती उलट्या गिरक्या मारून काळ मागे फिरवण्याचा तो प्रकार म्हणूनच उसना वाटतो. इतक्या सबुरीने मांडलेल्या कथेला असा शॉर्टकट शोभत नाही. डॉनरना दुसरा भाग पुरा करू दिलाच नाही. तो रिचर्ड लेस्टरने केला, ‘मस्केटियर्स’वाल्यानेच.

सॅम रेमीने २००२ मध्ये ‘स्पायडर-मॅन’ केला तेव्हा उलटी चाल खेळली. पीटरला कोळी आधीच चावतो, खरा पोशाख मात्र त्याचे बेनकाका गेल्यानंतर. मधला वेळ पीटरच्या उचापतींचा. कॅन्टीनमध्ये मेरी जेनचा पाय घसरतो आणि तिच्या ट्रेमधलं सगळं खाणं पीटर हवेतल्या हवेत झेलतो, ते आठवतंय? ती संगणकाची करामत नव्हे. टोबी मॅग्वायरच्या हाताला ट्रे चिकटवला होता आणि हे काही सेकंद साधायला दीडशेच्या वर टेक लागले. पोराची ताकद कुणी न सांगता आपल्याला कळते. एक लांबलचक संवाद वाचला, ही कमाई थोडी नाही.

‘आयर्न मॅन’ (२००८) तर आख्यानातूनच सुरू होतो. लष्करी गाडी, हास्यविनोद, धाडकन स्फोट आणि मग छत्तीस तास मागे. ही बांधेसूद कथा पाहून वाटत नाही, पण पटकथा पुरी लिहिलेलीच नव्हती. जॉन फॅवरो, रॉबर्ट डाउनी ज्युनिअर आणि जेफ ब्रिजेस सकाळी जमून त्या दिवसाचे प्रसंग ठरवायचे. नायक कैद असतो त्या गुहेचा सेट होता हॉवर्ड ह्यूजच्या जुन्या विमान कारखान्याच्या जागेत, आणि हा नायक, टोनी स्टार्क, स्टॅन लीने बेतला होता ह्यूजवरच. शेवटच्या पत्रकार परिषदेत टोनी आपली ओळख उघड करतो, तेही डाउनीने आयत्या वेळी केलं. त्या एका वाक्याने पुढच्या किती चित्रपटांतली लपवाछपवी वाचली!

आणि २०१५ चा ‘फँटास्टिक फोर’? तिथे पूर्वरंगच एवढा लांबला की चौघांना शक्ती मिळते तेव्हा शंभर मिनिटांचा चित्रपट अर्ध्यावर आलेला असतो. मग पडद्यावर पाटी येते, एक वर्षानंतर. म्हणजे नवी शक्ती अंगवळणी पडण्याचं, जे बघायला आपण तिकीट काढलं, ते वर्षच गायब. स्टुडिओने बरेच प्रसंग नव्याने चित्रित करून घेतले. तोवर केट माराने केस कापलेले, म्हणून तिला टोप घातला. तो टोप इतका उघडा पडतो की कुठला प्रसंग मूळचा आणि कुठला मागून शिवलेला, हे केसांवरून ओळखता येतं. दिग्दर्शक जॉश ट्रँकने प्रदर्शनाच्या तोंडावर ट्विटरवर हात झटकले आणि मग ते ट्विटही पुसून टाकलं.

डॉनरच्या सुपरमॅनच्या नशिबी मात्र आणखी एक फेरा होता. १९८२ मध्ये अमेरिकेत तो टीव्हीवर दोन रात्री दाखवला. वाहिनीकडून साल्काइंडना मिनिटामागे पैसे मिळणार होते. मग काय, संकलक स्टुअर्ट बेअर्डने कापून बाजूला ठेवलेलं सगळं परत आलं. १४३ मिनिटांच्या चित्रपटात पाणी घालून घालून तो तीन तासांच्या पलीकडे नेला. रोज रात्री मराठी मालिका बघणाऱ्यांना हे हिशेब नव्याने समजावून सांगायला नकोत.