पपईची बाग आणि फवाऱ्याचा अग्रक्रम

कामगार संघटनेच्या माणसाने पपईच्या रोगांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि चळवळीत अधिक झाले. चळवळीने शिकविले ते एवढेच, की गाऱ्हाणी पन्नास असली तरी आधी कोणते हाती घ्यावयाचे हे ठरविल्यावाचून लढा जिंकता येत नाही. बागायतदारालाही हाच नियम लागू आहे.

नंदुरबार-शहाद्याकडील शेतकरी ज्याला नुसते ‘व्हायरस’ म्हणतो, तो वलयांकित ठिपक्यांचा रोग प्रथम घेऊ. तो मावा या किडीमार्फत पसरतो. मावा पपईवर वस्तीला राहत नाही. तो येतो, सोंड खुपसून चव पाहतो आणि उडून जातो. तेवढ्या क्षणात विषाणू झाडात शिरतो. विषाने मावा मरावयास याहून अधिक वेळ लागतो. तेव्हा येथे फवाऱ्यावर टाकलेला पैसा बहुतांशी वाया जातो. रोपे जाळीखाली वाढवावी, बागेभोवती मक्याच्या ओळी लावाव्या, शेजारी काकडी-भोपळा घेऊ नये आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे, हाच मार्ग.

दुसरा शत्रू पिठ्या ढेकूण. मूळचा मेक्सिकोकडचा हा कीटक २००८ साली कोइमतूर भागात आढळला. त्याच्या अंगावर मेणाचा पांढरा थर असतो, त्यामुळे औषध त्याला नीट पोचत नाही. मरतात ते त्याला खाणारे मित्रकीटक. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या अगदी बारीक परोपजीवी माश्या आणविल्या. त्या पिठ्याच्या अंगात अंडी घालतात व अळ्या त्याला आतून खातात. त्या सोडल्यानंतर कीड ओसरली. मात्र फवारा चालू ठेवला, तर या माश्याही मरतात.

आता तिसरी गोष्ट, जी कोणत्याच यादीत वर नसते: पाठीवर पंप घेतलेला मजूर. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. पीक कापसाचे होते; पण पंप तोच आणि पाठही तीच. डब्यावरील रंग पाहा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. मजुराला हा रंग कोणी समजावून सांगितला आहे काय?

म्हणून क्रम असा असावा: आधी निरोगी रोप व स्वच्छ बाग, मग मित्रकीटक, मग निंबोळी अर्क. विष सर्वांत शेवटी, तेही हातमोजे व तोंडावर आच्छादन देऊन आणि तोडणीपूर्वी सांगितलेले दिवस पाळून.

आपण शहरातले लोक या प्रश्नाच्या बाहेर नाही. सालीवर वलये दिसली की आपण फळ परत टोपलीत टाकतो. तो विषाणू माणसाला बाधत नाही. फळाची गोडी थोडी कमी होते, इतकेच. निष्कलंक सालीचा आपला हट्ट शेवटी कोणाच्या पाठीवरच्या पंपात भरला जातो, याचा विचार उद्या बाजारात जाताना अवश्य करावा.